डोंगरवाटेवरील बिनतारी सोबत

‘यंदा व्यवसायाबाहेरचे काहीतरी लिहा,’ असा आग्रह स्मरणिकेच्या संपादकांनी धरला, तेव्हा आमच्या पावसाळी भटकंतीचा विषय मनात आला. पण त्या भटकंतीतला जो दिवस सर्वांत ठळकपणे आठवतो, तो निसर्गसौंदर्यामुळे नव्हे. म्हणून धबधबे आणि धुके यांचे वर्णन इतरांवर सोपवून मी वॉकी-टॉकीविषयी लिहिणार आहे. विषय रुक्ष वाटेल, पण त्यापायी आपल्याच एका ज्येष्ठ सहकाऱ्याचा जीव टांगणीला लागला होता.

2019 च्या जुलैतला तो रविवार. पेडणे आणि डिचोली भागातले आम्ही चौदा डॉक्टर पहाटे तुयेहून निघालो आणि दोडामार्ग, भेडशीमार्गे मोर्ले गाठले. तेथून पायवाटेने पारगड चढायचा बेत होता. सोबत दोन वॉकी-टॉकी होत्या. एका उत्साही मित्राने त्या ऑनलाइन मागवल्या होत्या आणि खोक्यावर ‘पल्ला 8 किलोमीटर’ असे ठसठशीत छापलेले होते. एक संच आघाडीच्या तुकडीकडे आणि दुसरा माझ्याकडे, कारण मी नेहमीप्रमाणे पिछाडीला. माझ्यासोबत आमचे एक भूलतज्ज्ञ मित्र होते. वय बासष्ट, गेली अठरा वर्षे इन्सुलिनवर.

अर्ध्या चढावर ते गप्प झाले. एरवी हा माणूस चढावरही गप्प बसणारा नव्हे. मग कपाळावर घाम दिसू लागला, आणि पाऊस कोसळत असताना घाम ओळखण्यासाठी डॉक्टरच असावे लागते. ते खडकावर बसले आणि असंबद्ध बोलू लागले. निदानाला क्षणही लागला नाही. पण ग्लुकोमीटर, डेक्स्ट्रोजच्या कुप्या, गूळ-शेंगदाणे आणि चहाची साखर हे सगळे आघाडीच्या पिशवीत वर गेले होते. माझ्या खिशात ओल्या चुरमुऱ्यांची पुडी होती. चौदा डॉक्टरांच्या गटात एका मधुमेही डॉक्टरला चमचाभर साखर मिळू नये, याची लाज मला आजही वाटते.

मी वॉकी-टॉकीचे बटण दाबून हाका मारल्या. उत्तरादाखल नुसती खरखर. जागा बदलली, हात उंच केला, पुन्हा हाका मारल्या. आघाडी माझ्यापासून सरळ रेषेत सहाशे-सातशे मीटरच्या पलीकडे नसावी. मित्राला सोडून धावत जाणे शक्य नव्हते, कारण एव्हाना त्यांची शुद्ध हरपत चालली होती.

आम्हाला सोडवले ते मोर्ल्याच्या एका गुराख्याने. खालच्या पाणंदीतून वर आलेल्या त्या गृहस्थाने परिस्थिती पाहिली आणि म्हणाला, “डॉक्टरानू, थांबा, कुकारो घालतंय.” दोन्ही तळवे तोंडाशी धरून त्याने तो लांबलचक ‘कू’ असा आवाज काढला. तिसऱ्या कुकाऱ्याला वरून दुसऱ्या गुराख्याचे उत्तर आले. मग त्यांचे आपसांत काय बोलणे झाले ते मला कळले नाही, पण चाळीस मिनिटांनी आमचे दोन तरुण सहकारी पिशवीसह घसरत, धडपडत खाली पोचले. रक्तशर्करा 36 होती. शिरेतून डेक्स्ट्रोज गेल्यावर काही मिनिटांतच मित्राने डोळे उघडले आणि विचारले, “चहा झाला का?”

संदेशवहनाचा विषय निघाला की आपल्याला पावनखिंड आठवते. जुलै 1660 मध्ये बाजीप्रभूंनी विशाळगडावरच्या तोफांची वाट पाहिली, ही कथा आपल्या रक्तात आहे. पण तोफेचा निरोप एकाच दिशेने जातो; ऐकणाऱ्याला उलट काही सांगता येत नाही. कुकाऱ्याला उत्तर येते. डोंगरात उपयोग आहे तो उत्तर येणाऱ्या साधनाचा, आणि त्या दिवशी आमच्याकडचे यंत्र त्या कसोटीला उतरले नाही. का उतरले नाही, हे शोधण्यात माझे पुढचे काही महिने गेले.

पहिला शोध घरीच लागला आणि तो हास्यास्पद होता. जेवणाच्या टेबलावर दोन्ही संच समोरासमोर ठेवले, तरी एकाचे दुसऱ्याला ऐकू येईना! वाहिनी दोघांचीही सातवी. पण या संचांना वाहिनीखेरीज एक उपसंकेत असतो. जाहिरातीत त्याला ‘खासगी संकेत’ म्हणतात, मात्र त्याने खासगी काहीच राहत नाही. इतरांना तुमचे बोलणे ऐकू येतेच. तो फक्त तुमच्या संचाला इतरांसाठी बहिरे करतो. पिशवीतल्या दाबाने आघाडीच्या संचाचा उपसंकेत बदलला होता. त्यामुळे माझा आवाज तिथवर पोचला असता, तरी त्या यंत्राने तो गिळून टाकला असता. तेव्हापासून बटणे कमी असलेला आणि कळफलक पक्का कुलूपबंद होणारा संच ही माझी पहिली अट आहे. आमच्या गटात उपसंकेत बंदच ठेवतात.

दुसरा शोध खोक्यावरच्या आठ किलोमीटरांविषयी. या लहरी साधारणपणे नजरेच्या रेषेत जातात. दीड मीटर उंचीवर धरलेल्या संचाचे क्षितिज सपाट समुद्रावर सुमारे पाच किलोमीटर असते, म्हणजे दोन माणसांत, कागदावर तरी, दहा. मोरजीच्या किनाऱ्यावर आम्ही प्रयोग केला, तेव्हा साडेतीन किलोमीटरपर्यंत आवाज स्वच्छ आला. तुयेच्या काजूच्या डोंगरीत तो एक किलोमीटरही टिकला नाही. पारगडाच्या कड्यावर, सातशे मीटर उंचीवर उभ्या असलेल्या माणसाचे क्षितिज शंभर किलोमीटरांपलीकडे जाते, पण कड्याच्या पोटातून चढणारा माणूस त्याच्यासाठी जणू नसतोच. मध्ये खडक आहे आणि भिजलेले रान आहे. ओली पाने या लहरी शोषतात.

यावर अधिक वॅटचा संच घ्यावा, असे पुष्कळांना वाटते. मोकळ्या जागीसुद्धा पल्ला दुप्पट करायला शक्ती चौपट लागते, आणि खडकाआड तर चौपटीनेही फारसे काही साधत नाही. त्यापेक्षा एका माणसाने धारेवर, दोन्ही बाजू दिसतील अशा जागी उभे राहावे आणि इकडचा निरोप तिकडे द्यावा. म्हणून आम्ही दोनाऐवजी तीन संच घेतले. मोर्ल्याच्या गुराख्यांनी तरी दुसरे काय केले होते?

याच सुमारास माझा अमेरिकेतला पुतण्या सुटीवर आला. तो हिवाळ्यात बर्फावरच्या स्नोमोबाइलवरून रस्त्यापलीकडच्या डोंगरांत जातो. (बर्फाशी गोव्याचा काय संबंध, असे म्हणू नका. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. कासीम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर 1981 मध्ये गोव्यातूनच निघाली, आणि ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आपल्या वास्कोतच आहे.) त्याचे अनुभव ऐकताना आमची चूक मला अधिक स्पष्ट दिसली. हिमकडा कोसळण्याचा धोका असलेला उतार ते एकेकाने ओलांडतात. पलीकडे पोचलेला ‘पार झालो’ म्हणतो, तेव्हाच पुढचा निघतो. संच जाकिटाच्या आत उबेत राहतो, कारण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. माइक मात्र छातीवर अडकवलेला, हातमोजा न काढता दाबता येईल इतके मोठे त्याचे बटण. बर्फात गाडला गेलेला माणूस शोधायचे उपकरण वेगळे, 457 किलोहर्ट्झवर चालणारे. वॉकी-टॉकीने ते काम होत नाही. आपल्याकडे बर्फाऐवजी चिखल आहे. पण जखमी, भिजलेल्या, थरथरणाऱ्या हाताला बटण सापडले पाहिजे, ही गरज तीच.

पुतण्याने प्रेमाने आपला तिकडचा संच मला देऊ केला. तो मी नाकारला, आणि याचे कारण सविस्तर सांगायला हवे, कारण परदेशस्थ नातलगांकडून अशा भेटी आपल्या घरोघरी येतात. तिकडचे कौटुंबिक संच 462 आणि 467 मेगाहर्ट्झवर बोलतात आणि तिथे त्यांना परवाना लागत नाही. आपल्याकडे त्या पट्ट्यात विनापरवाना बोलणे हा गुन्हा आहे. भारतात 2018 च्या नियमांनी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ हा पट्टा अल्पशक्तीच्या संचांसाठी परवानामुक्त केला आहे, पण त्या संचालाही सरकारी प्रकार-मान्यता असावी लागते. ऑनलाइन बाजारात बेकायदा संचांचा सुळसुळाट झाल्यामुळे 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने विक्रीच्या संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. तेव्हा खरेदीपूर्वी वारंवारिता आणि मान्यता-प्रमाणपत्र मागून घ्यावे. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणाऱ्या उपकरणांच्या वाटेला तर परवानगीशिवाय जाऊच नये. डिसेंबर 2024 मध्ये दाबोळी विमानतळावर एका परदेशी धावपटू महिलेला तसल्या उपकरणापायीच ताब्यात घेतले गेले होते. ज्यांना खरोखर दूरवर बोलायचे आहे, त्यांनी हौशी रेडिओची सरकारी परीक्षा द्यावी. आपल्यातल्या निवृत्त मंडळींना हा छंद शोभून दिसेल.

शेवटी आम्ही घेतले ते परवानामुक्त पट्ट्यातले, मान्यताप्राप्त असे तीन संच. पाण्याच्या बाबतीत ‘आयपी 67’ दर्जाचे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारे. आपल्या पावसात त्याखालचा दर्जा म्हणजे पैसे वाया. माइक खांद्यावर. भरलेली बॅटरी संपल्यास दुकानातले साधे सेल घालता येतील, अशी सोय. किंमत पहिल्या जोडीच्या काही पट पडली. यावरून कार्यकारिणीत थोडी कुरबुरही झाली. भूलतज्ज्ञ मित्र उठून उभे राहिल्यावर ती आपोआप थांबली.

संच आले तरी बोलण्याची शिस्त यायला वेळ लागला. एका वेळी एकानेच बोलायचे, बटण दाबून क्षणभर थांबायचे आणि बोलून झाल्यावर ते सोडायचे. डॉक्टरांच्या जातीला यातले काहीच सहज जमत नाही. दर अर्ध्या तासाला हाक द्यायची आणि दोन हाका चुकल्या तर आघाडीने उलटे फिरायचे, हा नियमही तेव्हाच ठरला. औषधांची पिशवी पिछाडीला गेली.

गेल्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा पारगडावर गेलो. भूलतज्ज्ञ मित्र हट्टाने आले आणि या खेपेला पिछाडीचा संच त्यांच्याच खांद्यावर होता. मी धारेवर उभा राहून निरोप पोचवत होतो. साडेदहाच्या हाकेला खरखरीतून त्यांचा आवाज आला, “पिछाडी ठीक. त्या खडकापाशी आहोत.”

“साखर?” मी विचारले.

“दोन्ही खिशांत. आणि तो गुराखी भेटलाय. विचारतोय, या यंत्राने कुकारो घालता येतो काय?”