सी.ई.ए.ची तपासणी आणि तिचा आकडा

आपल्या जुन्नर-आंबेगाव भागात आता रक्ततपासणी सोपी झाली आहे. मंचर किंवा नारायणगावला रक्त द्यावे, ते गाडीने पुण्याच्या प्रयोगशाळेत जाते आणि लवकरच कागद हाती येतो. पण त्यावरील आकडा वाचावा कसा, हे कोणी सांगत नाही. आमच्या थोरल्या बंधूंची मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा हा प्रश्न आमच्या घरातच उभा राहिला. समाजबांधवांच्या उपयोगी पडावे म्हणून हे चार शब्द.

सी.ई.ए. हे आपल्या शरीरातलेच एक प्रथिन. गोल्ड आणि फ्रीडमन या शास्त्रज्ञांनी १९६५ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे ते शोधले. पेशींना एकमेकींशी चिकटवणे हा त्याचा गुण १९८९ साली ध्यानात आला. गर्भाच्या आतड्यात ते भरपूर असते, मोठेपणी अगदी थोडे. कर्करोगाच्या गाठीतून मात्र ते पुन्हा रक्तात उतरू शकते. ते मोजतात नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या शंभर कोटीव्या भागात!

इतके सूक्ष्म मोजायचे कसे? त्यासाठी तयार किट मिळते. एलायझा पद्धतीच्या किटमध्ये ९६ छोट्या वाट्यांची प्लास्टिकची पट्टी असते. वाटीच्या तळाशी फक्त सी.ई.ए.लाच पकडणारी प्रतिपिंडे चिकटवलेली असतात. त्यात रक्ताचा द्रव घातला की सी.ई.ए. तिथे अडकते, बाकीचे धुऊन जाते. मग दुसरे प्रतिपिंड घालतात. त्याला जोडलेल्या विकरामुळे रंग उमटतो. सी.ई.ए. जितके जास्त, तितका रंग गडद. ठाऊक प्रमाणाच्या नमुन्यांशी तो ताडून यंत्र आकडा देते. मोठ्या प्रयोगशाळांतील यंत्रे आता रंगाऐवजी प्रकाश मोजतात, तत्त्व तेच.

दादांचा आकडा एकदा ३.२ आला, पुढच्या खेपेस ५.४. घरात दोन दिवस कोणाला घास गोड लागला नाही. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारले, "प्रयोगशाळा का बदलली?" पहिल्याच ठिकाणी पुन्हा तपासले, तर ३.१. प्रत्येक कंपनीची प्रतिपिंडे या प्रथिनाचा वेगळा भाग पकडतात, त्यामुळे आकडे जुळत नाहीत. एका बँकेच्या पासबुकातली शिल्लक दुसऱ्या बँकेच्या पासबुकातून वजा करण्यासारखाच हा प्रकार. आम्ही बँकेत नोकरीला असून आम्हांस हे सुचू नये!

धडधाकट माणसाने केवळ शंकेपोटी ही तपासणी करू नये. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आकडा एरवीही थोडा चढा असतो, यकृताच्या आजारातही तो वाढतो. उलट, कर्करोग असूनही आकडा साधा असू शकतो. शौचावाटे रक्त जाणे, शौचाची सवय बदलणे, विनाकारण वजन घटणे, अशा वेळी सी.ई.ए. काहीही असो, डॉक्टरांकडे जावे. निदान होते ते दुर्बिणीने आतडे पाहून व तुकडा तपासून. सी.ई.ए.चा खरा उपयोग त्यानंतरचा. शस्त्रक्रियेपूर्वी वाढलेला आकडा गाठ पूर्ण निघाली तर साधारण चार ते सहा आठवड्यांत खाली येतो. पुढे दर तीन ते सहा महिन्यांनी पाहत राहावे लागते. तो ओळीने चढू लागला, तर डॉक्टर पुढचा तपास करतात.

दादांच्या फाइलला आम्ही आता एक कोरा कागद लावला आहे. त्यावर तारीख, आकडा आणि प्रयोगशाळेचे नाव, असे तीन रकाने आहेत. तिसऱ्या रकान्यात सध्या सगळीकडे एकच नाव आहे.