फौजेची चूल

८ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने शिड्या लावून नगरच्या पेठेचा तट घेतला. या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने हजर असलेल्या गोखले नावाच्या मराठा सरदाराने पुण्याला जे लिहून पाठवले, ते पुढे बरेच गाजले. त्याचा मतलब असा, की हे इंग्रज अजब लोक आहेत. सकाळी आले, तट पाहिला, ओलांडला, आतली शिबंदी कापली आणि न्याहारीला माघारी गेले. चार दिवसांनी भुईकोट किल्लाही पडला. किल्ल्याबाहेरच्या ज्या चिंचेखाली वेलस्ली जेवला असे सांगतात, तिच्या बुंध्याशी जुन्या तोफा पुरून ती जागा राखण्यात आली.

सेनापती कुठे जेवला याची अशी नोंद राहिली. ते जेवण रांधणाऱ्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. वेलस्लीचे दख्खनमधले यश धान्य वाहणाऱ्या वंजारी-लमाणांच्या तांड्यांवर उभे होते आणि त्याला त्याची पुरती जाण होती. इतिहासकारांनी तांड्यांचा उल्लेख तरी केला. आलेल्या धान्याचे अन्न करणारा माणूस कागदावर उमटतो तो बहुधा जेवण बिघडले किंवा संपले तेव्हाच. असे दोन प्रसंग महाराष्ट्राच्या अगदी जवळचे आहेत. एक जमिनीवरचा, दुसरा नौदलातला.

नगर ब्रिगेडची उपासमार

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनच्या तीन ब्रिगेडींना पुणे, अहमदनगर आणि बेळगाव या छावण्यांची नावे होती. सतरावी अहमदनगर ब्रिगेड त्यातलीच. तिच्यात १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, म्हणजे आजची ‘जंगी पलटण’, होती. डिसेंबर १९१५ मध्ये तैग्रिस नदीच्या वळणातल्या कूत या गावी तुर्कांनी या डिव्हिजनला वेढले. वेढा १४७ दिवस चालला. लढणाऱ्या शिपायांबरोबर साडेतीन हजारांच्या आसपास हिंदी बिनलढाऊ माणसे आत अडकली होती. स्वयंपाकी, भिस्ती, धोबी, खेचरवाले. कागदोपत्री ते सगळे ‘फॉलोअर’, पलटणीच्या मागून चालणारे.

रसद आटू लागली तशी घोडे आणि खेचरे कापण्याची वेळ आली. इंग्रज सैनिकांनी ते मांस खाल्ले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी नाकारले. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवण्यात आली, तरी एप्रिल उजाडेपर्यंत बहुतेकांचा निर्धार मोडला नाही. गावी परतल्यावर जात वाळीत टाकील, ही भीती भुकेपेक्षा मोठी होती. हिंदुस्थानी फौजेतल्या चुली तेव्हा जातीधर्माप्रमाणे वेगळ्या असत. स्वयंपाक्याचे काम पोट भरण्यापुरते नव्हते, शिपायाचा समाजाशी असलेला धागाही त्यालाच सांभाळावा लागे. हातात उरलेले थोडे पीठ आणि समोर न चालणारे मांस, या पेचात तोही शिपायाइतकाच अडकला. ताजी भाजी नाही, मांस नाही, त्यामुळे हिंदी शिपायांत स्कर्व्ही पसरला. हिरड्या सुजू लागल्या, जखमा भरून येईनात. दळायची सोय व्हावी म्हणून विमानातून जात्याचे दगड टाकले गेले. एप्रिल १९१६ मध्ये सुमारे साडेसात टन अन्नसामग्री आकाशातून टाकण्यात आली. वेढलेल्या फौजेला विमानाने रसद पुरवण्याचा जगातला हा पहिला मोठा प्रयत्न. तो अपुरा पडला आणि २९ एप्रिलला फौजेने शरणागती पत्करली. सुमारे तेरा हजार माणसे कैदेत गेली.

‘तलवार’वरची डाळ

दुसरा प्रसंग मुंबईचा. कुलाब्यातल्या ‘तलवार’ या नौदलाच्या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रात १८ फेब्रुवारी १९४६ च्या सकाळी नाविकांनी न्याहारीला हात लावला नाही. खडे असलेली डाळ आणि निकृष्ट पाव यांबद्दलच्या तक्रारी कोणी ऐकून घेत नव्हते. ‘जेवण नाही, तर काम नाही’ अशी घोषणा झाली. अपमानाची भाषा, गोऱ्या आणि हिंदी नाविकांच्या पगारातली व शिध्यातली तफावत, आझाद हिंद सेनेचे खटले, असे बरेच काही आत साचलेले होते. डाळ ही ठिणगी ठरली. चार-पाच दिवसांत ७८ जहाजे, किनाऱ्यावरची २० ठाणी आणि वीस हजारांच्या घरात नाविक या उठावात आले. एम. एस. खान संप समितीचे अध्यक्ष होते आणि मदन सिंग उपाध्यक्ष. नाविकांची रसद तोडली गेली तेव्हा मुंबईकर गेटवेवर खाण्याची पुडकी घेऊन गेले आणि ती होड्यांतून जहाजांवर पोचली. हिंदू आणि मुसलमान नाविकांनी एकत्र केलेल्या या उठावाचा शेवट २३ फेब्रुवारीला शरणागतीने झाला. ताटाचा प्रश्न सन्मानाचा असतो, हे मात्र त्याने राज्यकर्त्यांना कायमचे दाखवून दिले.

लंगर आणि के. के. रेंज

स्वातंत्र्यानंतर नगरची छावणी वाढली. चिलखती दलाचे केंद्र व प्रशाला इथे आली आणि १९७९ मध्ये उभ्या राहिलेल्या मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे केंद्रही इथेच आले. भिंगारच्या लोकांना रणगाड्यांचा आवाज सवयीचा आहे. खारे-कर्जुने परिसरातल्या के. के. रेंजवर सराव असतो तेव्हा त्याची तयारी लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, मध्यरात्रीनंतरच सुरू होते. बर्नर फुरफुरू लागतात, मोठ्या डेगांत चहाचे पाणी चढते, परातीत कणकेचे डोंगर मळले जातात. पीटीआधी चहा, मग नाश्ता आणि रेंजवर जाणाऱ्यांसाठी पुरी-भाजीची पुडकी. बरोबर शक्करपारेही असतात. ते दिवसेंदिवस टिकतात आणि खिशात मावतात. मे महिन्यात माळरानावर वारा सुटला की झाकण उघडायचीच खोटी, धूळ आमटीत. म्हणून आचारी वाऱ्याकडे पाठ करून डेगेच्या आड उभा राहतो आणि पळीभर वाढून झाले की झाकण पुन्हा बसवतो.

हाच माणूस बदलीवर सियाचीनच्या बाजूला गेला की त्याला स्वयंपाक नव्याने शिकावा लागतो. सतरा-अठरा हजार फुटांवर पाणी ८२-८३ अंशांनाच उकळते. डाळ तासन्‌तास रटरटली तरी दाणा मोडत नाही. कुकर नसेल तर भातही कच्चा राहतो. उंचीवर भूक मरते, त्यामुळे जवानाने खावे म्हणून चव, ऊब आणि आग्रह या तिन्हींची गरज पडते. म्हैसूरची संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा १९६१ पासून तयार पाकिटे आणि टिकाऊ पदार्थांवर काम करते आहे. पाकिटाने जीव तगतो. महिनोन्‌महिने बर्फात राहणाऱ्या माणसाचे मन मात्र गरम पोळीनेच टिकते, असे लष्करातली माणसे सांगतात. बडा खाना असतो त्या दिवशी अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात आणि लंगरची परीक्षा सगळ्यांसमोर होते.

डोलणारी गॅली

नगर जिल्ह्याला समुद्र नाही, पण नौदलाची वाट दहावी झालेल्या मुलांसाठी खुली आहे. भरती झालेल्यांचे पहिले प्रशिक्षण ओडिशातल्या ‘चिल्का’वर होते आणि शेफ म्हणून निवडलेले मुंबईत मालाडजवळच्या ‘हमला’वर स्वयंपाकाचे शिक्षण घेतात. जहाजावरच्या स्वयंपाकघराला गॅली म्हणतात. तिथे शेगडीच्या कडेने लोखंडी दांड्या असतात, भांडी घसरू नयेत म्हणून. डेग काठोकाठ भरायची नाही, हा पहिला धडा. लाट आली की उकळते सांबार अंगावर येते. दुसरा धडा पाण्याचा. गोडे पाणी जहाजावरच तयार करायचे आणि मोजून वापरायचे. बंदर सुटल्यावर आधी पालेभाज्या संपवायच्या, मग कोबी-भोपळ्याकडे वळायचे, कांदे-बटाटे शेवटपर्यंत पुरवायचे. पाणबुडीत तर तळणाचा धूरही सगळ्यांच्या श्वासात जातो. ‘विक्रांत’सारख्या विमानवाहू नौकेवर सुमारे सोळाशे माणसे चोवीस तास पाळ्यांमध्ये काम करतात, म्हणून तिथली चूल रात्रीही विझत नाही. युद्धाचा इशारा झाला की शेफ पळी ठेवून आग विझवणाऱ्या किंवा जखमींना उचलणाऱ्या तुकडीत उभा राहतो आणि उसंत मिळाली की जो जिथे असेल त्याला तिथे खाणे पोचवतो.

पूर्वी ‘फॉलोअर’ म्हणवल्या गेलेल्या या ‘मागून चालणाऱ्यां’च्या हिमतीची साक्ष सैन्याच्या दप्तरातही आहे. डिसेंबर १९४७ मध्ये जम्मू-काश्मीरमधल्या नौशेराच्या वाटेवर भांबला इथे तुकडी घेरली गेली असता धोबी राम चंदर यांनी गोळीबारात पुलावरचा अडथळा दूर करायला मदत केली आणि जखमी अधिकाऱ्याला वाचवून आणले. त्यांना महावीर चक्र मिळाले. स्वयंपाकीही त्याच वर्गात मोजले जात.

भाकरी परतली

मार्च २०२३ मध्ये लष्कराने अर्धशतकाहून अधिक काळानंतर जवानांच्या शिध्यात भरडधान्याचे पीठ परत आणले. तांदूळ आणि आटा यांच्या हक्काच्या प्रमाणापैकी २५ टक्क्यांपर्यंत ज्वारी, बाजरी, नाचणी घेता येते. पाथर्डी, शेवगाव, पारनेर, जामखेडच्या पोरांना हे धान्य काय नवीन? बाजरीच्या पिठाला गरम पाणी किती घालायचे, भाकरी थापताना चिरू नये म्हणून पीठ किती मळायचे, हे त्यांनी आईच्या हातून पाहिलेले असते. गव्हाच्या पोळीवर बेतलेल्या लंगरमध्ये शेकडो भाकऱ्या करणे वेगळे आणि त्यासाठी आचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे लागले. गावाकडची जाण लष्कराच्या कामी येण्याचा इतका थेट प्रसंग विरळा.

२०२२ मध्ये राहुरीच्या कृषी विद्यापीठात अग्निवीर भरतीसाठी हजारो मुले धावली. त्यातल्या काहींच्या वाट्याला बंदुकीबरोबर पळीही आली असेल. गावात निवृत्त जवानाची वाजतगाजत मिरवणूक निघते. त्यात फौजेत रांधणारा पुष्कळदा ‘मिलिटरीत होतो’ एवढेच सांगून थांबतो. त्याने पुढचे सांगायला हवे आणि आपण विचारायला हवे. किती उंचीवर रांधले, कुठल्या समुद्रात, वादळात काय वाढले? पलटणींच्या इतिहासग्रंथांत लढायांसोबत लंगरचे पान हवे आणि त्यावर माणसांची नावे हवीत. नगरच्या रणगाडा संग्रहालयात शेकडो टन पोलाद मांडले आहे. त्या पोलादाच्या पोटातल्या माणसांना रोज खाऊ घालणारी भट्टी, डेग आणि शिध्याची वही तिथेच, त्याच मानाने मांडली जावी. लढाईचा हिशेब त्यांच्यावाचून पुरा होत नाही.