'हवाच तर आहे मॅडम!'

ऑफिसच्या आउटिंगला पेंटबॉल म्हणजे फुल टू धम्माल! मास्क, जॅकेट, गोळ्या, सगळं आपण चेक करतो. पण गनमध्ये भरलेली हवा? ती कुणी चेक केली?

शनिवारची सकाळ. लोणावळ्याजवळचं एक रिसॉर्ट. मैत्रिणीच्या कंपनीचं 'टीम बिल्डिंग' होतं आणि मी आपली फुकटची पाहुणी. पहिली मॅच संपली. अकाउंट्सवाल्यांनी आयटीवाल्यांना यथेच्छ रंगवलं, बॉसच्या पाठीवरही दोन-चार जुने हिशेब चुकते झाले. सगळे वडापावकडे धावले आणि मी सावली शोधत मागच्या शेडमध्ये शिरले.

तिथे विशीतला एक मुलगा एकामागून एक टाक्या भरत होता. डोळ्यांवर गॉगल नाही. एका टाकीला पाइप नीट बसेना, म्हणून त्याने डब्यातलं तेल बोटावर घेतलं आणि निपलला चोपडलं.

'असं चालतं?' मी विचारलं.

'हवाच तर आहे मॅडम!' तो हसला.

मीही हसले आणि वडापाव खायला गेले. त्या दिवशी काहीच झालं नाही. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. मग जरा खोदकाम केलं, आणि हसू मावळलं.

टायरच्या शंभर पट

गाडीच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा असते. पेंटबॉलच्या टाकीत? ३००० किंवा ४५०० पीएसआय! म्हणजे पाण्याच्या बाटलीएवढ्या टाकीत सुमारे ३०० लिटर हवा कोंबलेली असते. नाक्यावरच्या टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं हे काम नव्हे. इथे हवा टप्प्याटप्प्याने दाबत नेणारा खास कॉम्प्रेसर लागतो.

तसा हा खेळ सुरू झाला हवेशिवायच. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या जंगलात बारा जण पहिला सामना खेळले, तेही झाडांवर आणि गुराढोरांवर रंगाची खूण करायच्या पिस्तुलांनी. त्यात कार्बन डायऑक्साइडच्या इवल्याशा कुप्या असायच्या. पण या वायूचा दाब उन्हा-थंडीप्रमाणे बदलतो, मग गोळीचा वेगही बदलतो. म्हणून पुढे दाबलेली हवा आली. गोळी एकसारखी सुटू लागली, पण भरणाऱ्याची जबाबदारी वाढली.

तेल, पाणी, धूर

तुम्ही म्हणाल, ही हवा आपण थोडीच श्वासात घेतो? मग ती स्वच्छ कशाला हवी?

पहिलं कारण तेल. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा जोरात दाबली की ती इतकी तापते, की डिझेल आपोआप पेटतं. टाकीचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की आतही तेच होतं. तिथे तेलाचा थेंब असेल तर तो पेटू शकतो. म्हणजे त्या मुलाने बोटाने लावलं, ते साधं वंगण नव्हतं, जळण होतं.

दुसरं पाणी. आपल्या आउटिंगचा सीझन म्हणजे पावसाळा, आणि घाटातली हवा ओलीचिंब. ती दाबली की पाणी सुटतं. ते कॉम्प्रेसरमधून वेळच्या वेळी काढलं नाही, फिल्टर बदलला नाही, तर ते टाकीत उतरतं. अॅल्युमिनियम असो वा स्टील, धातू आतून खराब होऊ लागतो आणि बाहेरून टाकी चकाचक दिसते.

तिसरा धूर. वीज गेली की जनरेटर सुरू. कॉम्प्रेसरचं हवा ओढायचं तोंड त्याच्या शेजारीच असेल, तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड थेट आत जातो. पेंटबॉलमध्ये त्याने फरक पडणार नाही. पण त्याच कॉम्प्रेसरवर कुणी स्कूबाचे सिलिंडर भरले तर? या वायूला ना रंग, ना वास. श्वासाच्या हवेसाठीच्या युरोपीय मानकात तो दहा लाख भागांत फक्त ५ भाग चालतो. त्यामुळे पेंटबॉलची हवा ती पेंटबॉलचीच. ती तारकर्लीच्या बोटीवर जाता कामा नये.

घाई नको, बॉस!

सायकलचा पंप मारताना तो गरम होतो ना? टाकीचंही तसंच. घाईत भरली की ती तापते, काटा वर दिसतो आणि थंड झाल्यावर खाली येतो. मग 'अजून थोडी मार' म्हणत जास्त भरायचा मोह होतो. म्हणून हळू भरायची, आणि टाकीवर लिहिलेल्या दाबाच्या वर जायचंच नाही. दाब फारच वाढला तर आधी फुटून हवा सोडणारी एक पातळ चकती व्हॉल्व्हमध्ये असते. तिच्या जागी कुणी भलतंच काही बसवलं, तर शेवटचा पहारेकरीच गेला!

टाकी गनमधून काढतानाही सावध. अमेरिकेत कार्बन डायऑक्साइडच्या टाक्या काढताना व्हॉल्व्ह गनलाच राहून टाकी रॉकेटसारखी सुटली, त्यात माणसं दगावली आणि २००४ मध्ये तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने इशारा दिला. यावर सोप्पा उपाय म्हणजे नेलपॉलिश! व्हॉल्व्ह आणि टाकी दोन्हींवर मिळून एक सरळ रेघ ओढायची. टाकी फिरवताना रेघ तुटली, की व्हॉल्व्ह सुटतोय. तिथेच थांबायचं.

बुकिंगआधी विचारा

* टाकीची शेवटची दाब-चाचणी कधी झाली? (तारीख टाकीवरच असते.)
* कॉम्प्रेसरचा फिल्टर कधी बदलला? त्याची नोंद आहे?
* टाक्या कोण भरतं? त्याला शिकवलंय का? गॉगल दिलाय का?
* सिलिंडर भरायचा परवाना आहे? (आपल्याकडे 'गॅस सिलिंडर रूल्स, २०१६' लागू आहेत. ते बघणाऱ्या 'पेसो' या सरकारी संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.)

मैत्रिणीने यंदा हेच प्रश्न दोन ठिकाणी विचारले. एकाने 'एवढं कोण विचारतं?' म्हणून फोन ठेवला. दुसऱ्याने नोंदवहीचा फोटो पाठवला. बुकिंग कुठे झालं, सांगायला नकोच.

आपण वर्षातून एकदा खेळतो, दोन निळे डाग अंगावर घेऊन घरी येतो. तो मुलगा मात्र रोज त्या शेडमध्ये उभा असतो, एकेका टाकीवर वाकून. त्या दिवशी मी त्याला काहीच बोलले नाही. निदान 'तेल नको रे' एवढं तरी सांगायला हवं होतं.