आतून कोरडा

सकाळचे ७. खापरी मेट्रो स्टेशनवर उतरून मिहानमधल्या आमच्या सबस्टेशनला पोचेपर्यंत जुलैची रिपरिप सुरूच. बंद केलेल्या ट्रान्सफॉर्मरचे रेडिएटर काल उतरवून शेडमध्ये आणलेत. आज ते ठेवणीत टाकायचे. उघड्यावरचं काम असतं, तर अशा हवेत एक बोल्टही सैल केला नसता.

८ वाजता तर्रीपोहे.

८.३०. पहिला रेडिएटर दोरखंडानं उचलून तिरपा धरला, ड्रेन प्लग खालच्या बाजूला. तळच्या हेडरमध्ये उरलेलं तेल सावकाश येतं, घाई चालत नाही. पाण्यानं धुण्याचा विचारही करायचा नाही. फिन्सचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा, आणि आतल्या अरुंद खाचांत अडकलेलं पाणी बाहेर काढायला वाटच नसते.

१०.३०. फिल्टर केलेलं कोमट तेल आतून फिरवलं. बाहेर पडलेल्या तेलाचा नमुना बीडीव्ही (ब्रेकडाउन व्होल्टेज) यंत्रात, अडीच मिलिमीटरच्या फटीत. तेलात ओल असली तर ठिणगी कमी व्होल्टेजलाच पडते. नमुना चांगला निघाला.

११.३०. नायट्रोजनचं सिलिंडर लावताना हाताखालचा पोरगा म्हणाला, "भाऊ, आतमंदी तेल तं लागलंच हाय, मंग गॅस कायले?"

प्रश्न रास्त होता, म्हणून काम थांबवून सांगितलं. तेलाचा थर काही दिवसांत ओघळून खाली उतरतो आणि वरचा पत्रा उघडा पडतो. एखादा प्लग सैल राहिला तर दिवसा आतली हवा तापून बाहेर पडते, रात्री थंड झाल्यावर बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. तिचं दव पत्र्यावर धरतं. असं रोज. युरोपातल्या घरांत भिंतीवर गरम पाण्याचे पोलादी रेडिएटर असतात, त्यांचीही हीच गत. बंद साखळीत पाणी भरलेलं असतं तोवर त्यात विरघळलेला ऑक्सिजन संपून गंज मंदावतो. उतरवून, नुसतं निथळवून ठेवले की ओल आणि ताजी हवा एकत्र येते आणि गंज जोर धरतो. आमच्याकडे तो गंज पुढे तेलात मिसळून थेट वाइंडिंगपर्यंत जातो. म्हणून ऑक्सिजनला आत जागाच ठेवायची नाही.

१२.१५. शेडची दोन्ही शटरं वर केली. कोंडलेल्या जागेत नायट्रोजन साचला तर माणूस नकळत बेशुद्ध पडतो, आणि याबाबतीत मी कोणाचंही ऐकत नाही. दोन्ही फ्लँजना नवं गॅस्केट लावून ब्लँकिंग प्लेट बसवली. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळायचे. मग खालून गॅस सोडून वरच्या प्लगमधून हवा बाहेर काढली.

जेवण उशिरा, उभ्याउभ्याच.

२.३०. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळायचे. गेजवर ०.२ किलो दाब धरला आणि प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावलं. एका प्लगवर बुडबुडे आले. काढून पुन्हा बसवला.

४.३०. लाकडी स्लीपरवर रेडिएटर उभे लावले. आडवे ठेवले तर फिन्समध्ये पाणी साचून बाहेरून गंजतात. खरचटलेल्या जागी रंगाचा हात.

५.१५. प्रत्येकावर टॅग: तारीख, दाब आणि त्या वेळचं तापमान. तापमान लिहायचा आग्रह माझाच, कारण पहाटे २५ अंशांना ०.२ असलेला काटा ४५ अंशांना ०.२८ च्या आसपास जातो. मे महिन्यात दुपारी पाहून दाब ठीक समजणारा रात्रीची गळती हमखास चुकवतो. रजिस्टरमध्ये लिहून ठेवलं: दर सोमवारी, सकाळी सातलाच वाचन घ्यावे.