खडबडीत भिंतीवरची घनता

तेलविहिरीत खडकाची घनता मोजणारं टूल भिंतीला चिकटून असेल तरच त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवता येतो. केबलने ते तळाशी उतरवतात, एक दांडा उघडून पॅड भिंतीवर दाबतात आणि वर ओढत मोजणी करतात. पॅडमधल्या सीझियम-137 मधून निघालेले गॅमा किरण खडकातल्या इलेक्ट्रॉनांवर आदळून विखुरतात. त्यांतले थोडे डिटेक्टरपर्यंत पोचतात. खडक जितका घन, तितके पोचणारे कमी.

पण ड्रिलिंगमध्ये शेल खडक ढासळतो, कपारी पडतात, कुठे मडकेक, म्हणजे ड्रिलिंगच्या चिखलाचा (मडचा) थर, भिंतीवर बसतो. पॅड आणि खडक यांच्यामध्ये मड शिरलं की किरण जास्त पोचतात आणि घनता कमी भरते. मुंबई हायसारख्या चुनखडीच्या साठ्यात ही चूक महागात पडते. सलग चुनखडीची घनता 2.71 ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर, छिद्रांतल्या पाण्याची 1 धरली, तर 2.50 या आकड्यावरून सच्छिद्रता 12 टक्के येते, 2.40 वरून 18. खडक तोच, पण कागदावर तेलाला जागा दीडपट!

1964 मध्ये वॉल, टिटमन, जॉनस्टन आणि अल्जर यांनी दोन डिटेक्टरांच्या टूलवरचा निबंध प्रसिद्ध केला. सोर्सजवळच्या डिटेक्टरवर भिंतीलगतच्या थराचा परिणाम जास्त होतो; लांबचा अधिक आतलं मोजतो. दोघांच्या नोंदी आलेखावर मांडल्या की स्वच्छ भिंतीचे बिंदू एका रेषेवर पडतात. तो कणा. मध्ये मड किंवा मडकेक असला की बिंदू कण्यापासून ढळतात, त्या वाटा म्हणजे बरगड्या. बरगडीवरून कण्यापर्यंत मागे यायचं, की खरी घनता हाती येते. मडकेकची जाडी वेगळी मोजावी लागत नाही, ही मला फार सुंदर युक्ती वाटते. बराइटमुळे जड झालेलं मड असेल तर बरगडी उलटीकडे जाते आणि दुरुस्ती ऋण येते.

मात्र दोन्ही डिटेक्टरांसमोर थर सारखाच आहे, हे यात गृहीत धरलेलं असतं. खडबडीत भिंतीत एकासमोर कपार आणि दुसऱ्यासमोर घट्ट खडक येतो, तेव्हा दुरुस्तीच फसते. म्हणून रुंद पण गुळगुळीत झालेल्या भोकापेक्षा बारीक दातेरी भिंत जास्त घातक. पॅड तिथे टेकतच नाही.

केलेली दुरुस्ती लॉगवर, म्हणजे मोजणीच्या छापील नोंदीवर, घनतेशेजारी वेगळ्या रेषेने छापलेली असते. लॉग हातात आला की आधी ती रेषा आणि कॅलिपर (भोकाच्या व्यासाची नोंद) पाहा. दुरुस्ती 0.15 ग्रॅम प्रति घनसेंटीमीटरच्या वर गेली असेल, तर त्या पट्ट्यातली घनता हिशेबात धरू नका. तिथे सॉनिक लॉग (खडकातल्या ध्वनीच्या वेगाची नोंद) वापरा.