भट्टीत ठरतो गॅस-सेन्सरचा स्वभाव

स्वयंपाकघरातल्या गॅस-अलार्ममध्ये बहुधा टिन ऑक्साइड असतं. त्याच्या कणांवर हवेतला ऑक्सिजन चिकटतो, इलेक्ट्रॉन अडकवतो आणि विद्युतरोध वाढतो. एलपीजी गळला की तो ऑक्सिजन खर्ची पडतो, रोध उतरतो, भोंगा वाजतो.

याचा पातळ थर चढवल्यावर तो साधारण 400 ते 600 अंश सेल्सिअसला भाजतात. (लोहार विळ्याला पाणी देतो, ते वेगळं.) विस्कळीत अणू स्फटिकात बसतात. आच कमी पडली, तर सेन्सर चालतो त्या 300-400 अंशांवरच कण वाढत राहतात आणि अलार्मचं माप सरकतं. फार तापवलं, तर कण मोठे होतात. 6 नॅनोमीटरच्या आसपासचा कण सबंध प्रतिसाद देतो, मोठा फक्त सालीपुरता. मी मात्र थोडी संवेदनशीलता सोडून जास्त भाजलेला थरच घेईन. घरातले झोपलेले असताना सरकलेलं माप कोण तपासणार?