दाराबाहेर काढून ठेवलेले सँडल

1973 साली सीबीएस या अमेरिकन टीव्ही कंपनीने एथेल विनंट यांना उपाध्यक्ष केलं. काम जुनंच, मालिकांसाठी नटनट्या निवडण्याचं. पण अमेरिकेतल्या कुठल्याही नेटवर्कमध्ये एवढ्या वरच्या खुर्चीत बाई बसली ती पहिल्यांदाच. साहेबलोकांच्या जेवणघराला लागून स्वच्छतागृह होतं ते पुरुषांचं, आणि त्याला आतून कडी नव्हती. विनंटबाई आत जाताना उंच टाचांचे सँडल दाराबाहेर काढून ठेवायच्या. सँडल दिसले की बाकीच्यांनी थांबायचं.

कंपनीचा इतिहास लिहिणारा नफा लिहील, पुरस्कार लिहील. सँडल त्याच्या वहीत यायचे नाहीत. असलं काही हाती लागतं ते माणसाला निवांत बोलतं केलं तरच. एमी पुरस्कार देणाऱ्या टेलिव्हिजन अकादमीच्या फाउंडेशनने नेमकं तेच काम अंगावर घेतलं. 1996 मध्ये नमुन्यादाखल सहा मुलाखती झाल्या. त्यांत विनंट होत्या, विनोदवीर मिल्टन बर्ल होते, रंगभूषाकार डिक स्मिथही होते. पुढच्या वर्षी संग्रह रीतसर सुरू झाला आणि आज तिथे 900 हून जास्त मुलाखती आहेत. सुरुवात जन्मगावापासून, मग पहिली नोकरी, मग तासन्‌तास गप्पा. मधेमधे कंटाळा येतो, खोटं कशाला बोला. पण त्या कंटाळ्यातच एकदम काहीतरी चमकून जातं.

इतका आटापिटा कशासाठी, तर या धंद्याने स्वतःचं फारसं काही जपलंच नाही. सुरुवातीचे कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायचे आणि हवेत विरून जायचे. जपायचेच असले तर पडद्यासमोर कॅमेरा लावून त्याची फिल्म काढत. चित्र धुरकट यायचं. 1956 मध्ये अँपेक्स कंपनीने दोन इंच रुंदीच्या टेपवर चित्र उतरवणारं यंत्र आणलं. टेप महाग, म्हणून जुनं पुसून त्याच टेपवर नवं. जॉनी कार्सनच्या 'टुनाइट शो'ची पहिली दहाएक वर्षं जवळजवळ अशीच गेली. बंद पडलेल्या ड्यूमाँट नेटवर्कचा साठा तर तीन ट्रक भरून नेऊन न्यूयॉर्कच्या खाडीत बुडवला, असं अभिनेत्री एडी अ‍ॅडम्स यांनी 1996 मध्येच लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या सुनावणीत सांगितलं. नवरा अर्नी कोव्हॅक्स गेल्यावर त्याचे कार्यक्रम पुसले जाऊ नयेत म्हणून त्यांनी पदरच्या पैशाने टेपा विकत घेतल्या होत्या.

पहिल्या सहांमधली मला सगळ्यात मोलाची वाटते ती पेम फार्न्सवर्थ. मुलाखतीच्या वेळी वय 88. नवरा फायलो, आयडाहोतल्या शेतकऱ्याचा पोर. नांगरलेल्या शेतातले तास बघून चौदाव्या वर्षी त्याच्या डोक्यात आलं, की चित्रसुद्धा असंच ओळीओळीने पाठवता येईल. 7 सप्टेंबर 1927 ला सॅन फ्रान्सिस्कोत, ग्रीन स्ट्रीटवरच्या प्रयोगशाळेत, त्याने एक साधी रेघ एका नळीतून दुसऱ्या नळीत पोचवली. काचेच्या नळ्या फुंकायला पेमचा भाऊ शिकला. पैसे घालणारे डॉलर कधी दिसणार म्हणून मागे लागले, तेव्हा फायलोने त्यांना पडद्यावर डॉलरची खूणच दाखवली. 1929 मध्ये पेमचं साडेतीन इंची चित्र उमटलं, तेही मिटल्या डोळ्यांचं. दिव्यांचा झोत इतका प्रखर, की डोळे उघडवेनात.

अर्थात ही नवऱ्याची बाजू मांडणारी बायको आहे, हे ऐकताना विसरू नये. तिच्या गोष्टीतला खलनायक आरसीए कंपनीचा डेव्हिड सार्नोफ. टेलिव्हिजन आमच्या झ्वोरिकिन या इंजिनिअरचा, असं म्हणत ती कंपनी वर्षानुवर्षं पेटंटसाठी भांडली, हरली, आणि 1939 मध्ये फार्न्सवर्थला परवान्याचे दहा लाख डॉलर मोजायला कबूल झाली.

पेमला कॅमेऱ्यापुढे बसवलं, तेव्हा अकादमीच्या त्या फाउंडेशनचे प्रमुख होते टॉम सार्नोफ. डेव्हिडचे धाकटे चिरंजीव.